मोरचूद आणि चुना

आमच्या आणि आबांच्या बंगल्यामध्ये कंपाउंडची भिंत आहे, पण ती छातीएवढीच. ठेकेदाराने सिमेंट वाचवलं की आमची सोय पाहिली, देव जाणे. अलीकडे माझा कढीपत्ता, पलीकडे माईंची जास्वंद, आणि सकाळी साडेसातपासून दूधवाला येईपर्यंत मध्ये सगळं जग. आबा मूळचे निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. बाग थोरल्याच्या हवाली करून ते गंगापूर रोडला राहायला आले. मी पंचवीस वर्षं बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर काढली. म्हणजे त्यांनी माल विकला आणि मी वसुली पाहिली. त्यामुळे "सौदा झाला" एवढ्यावर आम्हा दोघांचाही पटकन विश्वास बसत नाही.

ही गोष्ट 2025 च्या जूनमधली. पाऊस नुकताच लागला होता.

"ताई, रात्री अकराला भाच्याचा फोन होता ना लंडनहून? सगळं ठीक?" माईंनी फुलं तोडता तोडता विचारलं. भिंत छातीएवढी असली तरी तिचे कान पुरुषभर उंच आहेत.

"ठीक आहे हो. त्याला वाइन घ्यायची आहे. आबांचा सल्ला हवाय."

"वाइन घ्यायला सल्ला कशाला? दुकानात जायचं, पैसे टाकायचे."

"दुकानात आलेलीच नाही अजून. बाटलीतही नाही. बोर्डोला पिंपात पडून आहे."

आबांनी पेपर खाली ठेवला. "बोर्डो? मोरचूद-चुन्याचं बोर्डो?"

द्राक्षवाल्याला बोर्डो म्हणजे गाव नव्हे, फवारणी. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. डावणीचा रोग येणार असं वाटलं की बागेची पानं निळी करून सोडायची. मी म्हटलं, आबा, तेच गाव. तिथले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की आतल्या बागेला डावणीने खाल्लंय आणि रस्त्याकडेच्या वेली तेवढ्या हिरव्यागार आहेत. 1885 मध्ये त्याने ते मिश्रण जाहीर केलं.

"चोरासाठी लावलेला चुना," आबा एकदम खूष. "चाळीस वर्षं मारतोय, पण हे कोणी सांगितलं नव्हतं."

"आणि गिऱ्हाइकाला लावतात तो कुठला?" माईंनी विचारलं, आणि त्या आत दूध बघायला गेल्या.

भाच्याने मला तासभर शिकवणी दिली होती. बँकेची सवय, मी विजेच्या बिलाच्या पाठीवर सगळं टिपून घेतलं होतं. ते बिल मी भिंतीवर पसरलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे काढणी होते. रस आंबतो आणि ओकच्या पिंपात जातो. एका पिंपात 225 लिटर, म्हणजे 300 बाटल्या. पुढच्या एप्रिलच्या सुमाराला वाइन जेमतेम सहा महिन्यांची असते, तेव्हा जगभरचे व्यापारी आणि समीक्षक तिथे जमतात आणि पिंपातला नमुना चाखतात. मग मे-जूनमध्ये एकेक शातो आपला भाव जाहीर करतो. शातो म्हणजे म्हटलं तर वाडा, म्हटलं तर बागाईतदाराचं शेतघर. गिऱ्हाइकाने तेव्हाच सगळे पैसे भरायचे. बाटल्या भरायच्या त्यानंतर वर्षभराने, आणि हातात पडायच्या आणखी काही महिन्यांनी. या पद्धतीला तिकडे आँ प्रिमर म्हणतात.

"पोरगं अजून रांगतंय आणि कॉलेजची फी आत्ताच," माई आतून म्हणाल्या. दुधावर आणि आमच्यावर त्यांचं एकाच वेळी लक्ष असतं.

"यात नवं काय आहे?" आबा म्हणाले. "कोकणात मोहोर पाहून हापूसची बाग देतात. आमच्यात शिवार सौदा होतो. व्यापारी बागेत येतो, चार घड बघतो, मणी दाबून पाहतो, इसार ठेवतो. पण ताई, तिथे पैसे व्यापारी घालतो. गारा पडल्या, भाव पडला, तर तोही बुडतो. तुमच्या बोर्डोत तो धोका सरळ पिणाऱ्याच्या गळ्यात टाकलाय की! बरं, नमुना कोण काढतं?"

"शातोवालेच."

आबा इतके हसले की जास्वंदीवरची चिमणी उडाली. "व्यापाऱ्याला आम्ही बागेची कुठली बाजू आधी दाखवतो ते मला विचारा."

मला भाच्याची बाजूही मांडायची होती. नाहीतर तो म्हणेल, मावशीने केस आधीच हरवली. म्हणून मी 1982 ची गोष्ट काढली. त्या साली बोर्डोला पीक फार उत्तम आलं, पण काही जाणकारांनी नाकं मुरडली. म्हणाले, फारच लवकर गोड लागते, टिकणार नाही. अमेरिकेतल्या मेरीलँडचा रॉबर्ट पार्कर नावाचा वकील तेव्हा वाइनवर एक पत्रक काढायचा आणि शाळेतल्यासारखे शंभरापैकी गुण द्यायचा. तो ठासून म्हणाला, की हे वर्ष थोर आहे. ज्यांनी त्याचं ऐकून पिंपातली वाइन घेतली त्यांचं सोनं झालं. पार्कर जगातला सगळ्यात वजनदार नाकाचा माणूस झाला. आणि तेव्हापासून दरवर्षी वसंतात सगळ्यांना वाटतं, की हेच ते 1982.

"म्हणजे शेजारच्याला एकदा लॉटरी लागली म्हणून सगळी गल्ली तिकिटं घेतेय," आबा म्हणाले.

"अगदी. मग 1997 चं पीक बेताचं होतं, तरी भाव आदल्या चांगल्या वर्षापेक्षा चढे लावले, आणि घेणारे कित्येक वर्षं हात चोळत बसले."

"ते राहू द्या. आधी सांगा, मधे माणसं किती?"

कर्ज मागायला आलेल्या माणसाला मीसुद्धा हाच प्रश्न विचारायची. शातोवाला थेट विकत नाही. आधी दलाल, त्याला कूर्तिए म्हणतात, त्याची दलाली दोन टक्के. मग घाऊक व्यापारी, नेगोसियाँ. असे बोर्डोत सुमारे 300. ते लंडनच्या, हाँगकाँगच्या, न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांना विकतात. ते किरकोळीला, आणि शेवटी आमचा भाचा. या सगळ्या बाजाराला नुसतं 'प्लास' म्हणतात, म्हणजे चौक.

"अडत्या, व्यापारी, परगावचा व्यापारी, हातगाडी," आबांनी बोटांवर मोजलं. "आपलंच आहे. फक्त कपडे चांगले."

"दलालांचा मान तिकडे मोठा आहे हां. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्डोच्या शातोंची प्रतवारी लावायची होती. ती लावली दलालांनी, आणि लावली कशावरून? वर्षानुवर्षं कुणाच्या मालाला काय भाव मिळतो त्यावरून. पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गात चार नावं. त्यात 1973 मध्ये मूतोँ रोशील्ड वर चढलं, एवढाच काय तो मोठा बदल. बाकी यादी तीच."

"लाफीत, मार्गो, ओ-ब्रियाँ..." मी बिलावरून वाचत होते, "आणि लातूर."

"लातूर?" आबा आणि माई एकदम.

"आपलं नाही. शातो लातूर."

"तेच म्हटलं," आबा म्हणाले. "आपल्या लातूरला 2016 मध्ये पाणी मिरजेहून रेल्वेने न्यावं लागलं होतं. वाइन कुठून आणणार?"

पण हे शातो लातूर मला फार आवडलं, ते त्याने केलेल्या एका गोष्टीमुळे. 2012 मध्ये त्याने जाहीर केलं, की आम्ही पिंपातला माल आगाऊ विकणार नाही. 2011 चं पीक शेवटचं. यापुढे वाइन आमच्याच तळघरात राहील आणि आम्हाला पिण्याजोगी वाटेल तेव्हा बाहेर काढू. म्हणजे पहिल्या पंगतीतला एक जण पंगतीतून उठला. बोर्डोत तेव्हा बराच गहजब झाला म्हणे.

"त्याच्याकडे चाळ बांधायला पैसा होता," आबा म्हणाले. कांद्याच्या चाळीबद्दल ते बोलत होते. ज्याच्याकडे चाळ, तो थांबू शकतो. ज्याच्याकडे नाही, तो लासलगावला ट्रॉली लावून मिळेल तो भाव घेतो. "बाकीचे का उठत नाहीत?"

"कारण बाकीच्यांना हे सोयीचं आहे. पैसे दोन वर्षं आधी हातात येतात. आणि नेगोसियाँ नाही म्हणू शकत नाही. आबा, हे ऐका, मला तर इथेच खटकलं. प्रत्येक शातो प्रत्येक व्यापाऱ्याला ठरावीक वाटा देतो. एखाद्या वर्षी माल महाग आहे किंवा बेताचा आहे म्हणून त्याने वाटा नाकारला, तर पुढच्या वर्षी तो वाटा दुसऱ्याकडे जायचा. मग उत्तम पीक आलं तरी याच्या हाती काही नाही. म्हणून वाईट वर्षीही तो निमूट घेतो. तोच नियम तो पुढे लंडनच्या व्यापाऱ्याला लावतो. भाच्याच्या व्यापाऱ्यानेही त्याला हेच गोड शब्दांत ऐकवलंय, की नियमित घेणाऱ्यांना आम्ही लक्षात ठेवतो."

आबांनी भिंतीवर थाप मारली. "लिंकिंग! सरळ सरळ लिंकिंग!"

आता हा शब्द आमच्याकडे खरिपाच्या तोंडावर प्रत्येक पारावर ऐकू येतो. युरिया पाहिजे? मग ही नको असलेली बाटली पण घ्या. दुकानदार म्हणतो, कंपनीने माझ्या गळ्यात मारली, मी तुमच्या गळ्यात मारतो. कृषी खातं दरवर्षी कारवाईचे इशारे देतं, आणि दरवर्षी शेतकऱ्याच्या कोठीत नको त्या बाटल्या जमतात.

"आणि हिशेब काय दिसतो?" आबा पुढे म्हणाले. "कंपनीच्या वहीत ती बाटली खपली. मागणी उत्तम! प्रत्यक्षात ती माझ्या कोठीत पालींच्या शेजारी उभी आहे."

मला भाच्याला हेच सांगायचं होतं, पण रात्री अकराला मला ते असं सांगता आलं नव्हतं. बोर्डोहून जाहीर होतं, 'माल तासाभरात संपला.' खोटं काहीच नाही त्यात. शातोकडचा संपला. तो दलालामार्फत व्यापाऱ्याच्या गोदामात गेला. तिथून थोडा लंडनला गेला. लंडनमध्ये तर अशी सोय आहे, की वाइन बाँडच्या गोदामात ठेवली, तर ती बाहेर काढेपर्यंत अबकारी आणि व्हॅट भरावा लागत नाही. विल्टशरमध्ये कॉर्शमला दगडाची जुनी खाण आहे. दुसऱ्या महायुद्धात तिच्यात दारूगोळा ठेवला होता, आता लाकडी पेट्यांतली वाइन ठेवतात. तिथे एक पेटी चार मालकांच्या नावावर फिरते आणि जागची हलत नाही. चारही वेळा विक्री झाली. प्यायलं कोण? कोणीच नाही.

"पेटीचं भाडं कोण भरतं?" आबांनी विचारलं.

"ज्याच्या नावावर आहे तो."

"मग चौथा मालक म्हणजे आपलं पोर." आबांनी चष्मा पुसला. "पिंपळगावला पाहिलंय ना तुम्ही, कांद्याचा पहिला लिलाव? मुहूर्ताचा. पहिल्या ट्रॉलीला फेटा, नारळ, फोटो. भाव असा की पेपरवाल्यांनी चौकट करावी. शेतकरी तो पेपर वाचून दुसऱ्या दिवशी पन्नास ट्रॉल्या घेऊन येतो. आणि मग?"

"तिकडेही मुहूर्त असतो. त्याला त्राँश म्हणतात. काही शातो आधी थोडासा माल मोहात पाडणाऱ्या भावाने सोडतात. तो लगेच उचलला जातो. बोभाटा झाला की दुसरा हप्ता काढतात, चढ्या भावाने. आणि बराचसा माल आपल्याकडेच ठेवणारेही आहेत. मग 'संपला' म्हणजे नक्की किती संपला, ते त्यांनाच ठाऊक."

इथे दूधवाला आला, आणि त्याच्याबरोबर कोपऱ्यावरच्या बंगल्याचा विषय आला. तिथे म्हणे तिसरा एसी बसवतायत. त्यावर आम्ही दहा मिनिटं खर्च केली. ती इथे देत नाही, कारण वाचणाऱ्यांत त्यांच्या नात्यातलं कोणी असेल.

एसीवरून चीनवर यायला वेळ लागला नाही. भाच्याच्या शिकवणीतला सगळ्यात रंगतदार भाग तोच होता. 2008 चं पीक 2009 च्या वसंतात बाजारात आलं. जग मंदीत होतं, भाव खाली ठेवले होते. त्यात हाँगकाँगने 2008 च्या फेब्रुवारीत वाइनवरचा कर शून्यावर आणला होता. मुख्य भूमीतल्या चिनी श्रीमंतांना भेटीदाखल द्यायला एकच नाव पुरेसं वाटायला लागलं, लाफीत. आणि 2010 च्या ऑक्टोबरात लाफीतने जाहीर केलं, की 2008 च्या बाटलीवर चिनी लिपीतला आठाचा आकडा कोरलेला असेल. आठ तिकडे भरभराटीचा आकडा! वाइन तीच, पिंप तेच, फक्त काचेवर एक अक्षर आलं आणि भाव उसळले. 2009 आणि 2010 ही दोन्ही पिकं खरोखर उत्तम होती, पण भाव त्यांच्याही डोक्यावरून गेले. 2011 च्या मध्यावर बाजार फिरला. पुढे चीनमध्ये सरकारी भेटवस्तूंवर टाच आली, आणि ज्याने चढत्या भावात घेतलं त्याची पेटी खाणीतच राहिली.

"भेट देणारा पीत नाही," माई म्हणाल्या. त्या आता भिंतीला टेकून उभ्या होत्या. "आपल्याकडे दिवाळीला सोनपापडीचा डबा फिरतो ना, तसं."

मी बिलाची दुसरी बाजू उलटली. लाफीत रोशील्डचे भाव, बोर्डोच्या घाऊक व्यापाऱ्याने पुढे विकायचे, एका बाटलीचे. 2022 च्या पिकाला 580 युरो, म्हणजे 50,000 रुपयांच्या वर. 2023 च्या पिकाला 396. आणि ताज्या 2024 ला 288.

आबांनी आकडे स्वतः वाचले. "तीन वर्षांत निम्म्यावर?"

"हो. आणि 580 वाल्यांनासुद्धा तेव्हा हेच सांगितलं होतं, की त्वरा करा."

भाच्याने लाफीत घेतलं नव्हतं, तेवढी ऐपत नाही आणि अक्कल थोडी आहे. पण 2022 च्या पिकाची सहा बाटल्यांची एक पेटी एका मधल्या शातोची घेतली होती. नाव सांगायचं नाही अशी ताकीद आहे. त्या पेटीचे बाँडमधले चालू भाव त्याने भरलेल्या पैशांच्या खाली आहेत. आणि आता त्याच व्यापाऱ्याचा 2024 साठी निरोप आलाय. भाव कमी, माल मर्यादित, तुमच्यासाठी शेवटची एक पेटी राखून ठेवली आहे.

"2024 ला पीक कसं होतं?"

"पाऊस फार. डावणी जबरदस्त. उतारा कमी."

डावणी म्हटल्यावर आबा गप्प झाले. मग नेहमीपेक्षा हळू बोलले.

"ताई, तुम्हाला आठवत असेल. 2006 ला मी दोन एकर वाइनची द्राक्षं लावली होती."

मला आठवत होतं. त्या कर्जाची फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं, आणि निफाड-दिंडोरीत वायनरी उगवायला लागल्या. शेतकरी कॅबर्ने, शिराझ, शेनिन ब्लाँ अशी नावं सोयाबीनसारखी घ्यायला लागला. जो येईल तो सांगायचा, मागणी आहे. आम्हीही बँकेत तेच लिहीत होतो. अर्जावर एक रकाना असायचा, 'बाजारपेठ'. त्यात आम्ही लिहायचो, वायनरीशी करार.

"पहिली दोन पिकं गेली," आबा म्हणाले. "वायनरीने उचलली. मला वाटलं, बाजार आहे. पण बाजार कुठला, ताई? नवीन वायनरी उघडली की तिला टाक्या भरायला द्राक्षं लागणारच. टाकी भरली म्हणून वाइन खपली असं होतं का? मी कधी जाऊन बघितलंच नाही, की टाकी रिकामी कधी होते. 2008 ला मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. पुढच्या हंगामात वायनरीचा माणूस म्हणाला, आबा, मागचीच टाकीत आहे, यंदा जागा नाही."

"आणि पैसे?"

"अर्धे आले. उरलेल्यांची चिठ्ठी अजून पाकिटात आहे. नाव घेत नाही, माणूस वाईट नव्हता, टाकी भरलेली होती. 2010 ला बाग तोडली. जेसीबी लावला. थॉमसन लावला परत."

माईंनी जास्वंदीची परडी उगीचच सारखी केली. त्या दिवशी जेसीबीवाल्याला चहा त्यांनीच दिला होता, हे मला नंतर कळलं.

मी म्हटलं, "आबा, बोर्डोतही तेच चाललंय. पहिल्या पंगतीतले शातो सोडा. खालचे हजारो बागाईतदार साधी वाइन करतात, आणि ती प्यायला माणूस कमी पडतोय. फ्रान्समध्येच लोक आता पूर्वीसारखी लाल वाइन पीत नाहीत. 2023 मध्ये तिथे सुमारे 9,500 हेक्टर द्राक्षबागा उपटायची योजना काढली. हेक्टरी 6,000 युरो मदत."

"उपटायला पैसे देतात?" आबांनी मान हलवली. "मला जेसीबीचं बिल आलं होतं."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आबांनीच विषय हातात घेतला, आणि हाच भाच्याला मी शब्दशः पाठवलेला भाग आहे.

"पोराला सांगा, बोर्डोवाले काय म्हणतात ते ऐकू नको, आणि गुणही बघू नको. गुण देणाऱ्याच्या खिशातून पैसे जात नाहीत. मागची पिकं बघ. त्याच शातोचं काही वर्षं जुनं, बाटलीत भरलेलं, आजच पिता येईल असं पीक आज कुठल्या भावाला मिळतंय? तेवढ्यातच मिळत असेल तर कच्चा माल घेऊन दोन वर्षं थांबायचं कशाला? घरात जुना तांदूळ असताना कोणी उभं पीक विकत घेतं का?"

"लंडनमध्ये लिव्ह-एक्स म्हणून व्यापाऱ्यांचा बाजार आहे, 2000 साली सुरू झालेला," मी म्हटलं. "तिथे कोण किती भावाने विकायला बसलंय आणि कोण किती भावाने घ्यायला तयार आहे, दोन्ही दिसतं."

"हां, ते बघायचं. विकणारे शंभर आणि घेणारे दहा असले की समजायचं, चाळी भरल्यात. लासलगावचा भाव पेपरात बघून मी कधी कांदा ठेवला नाही. मोटारसायकल काढायचो आणि शिवारात चकरा मारून यायचो. किती चाळींना ताडपत्री आहे ते मोजायचो."

"पण आबा, कधीकधी आधी घेतलेलं बरं पडतं. 2019 चं पीक करोनाच्या लॉकडाउनमध्ये, 2020 च्या मे-जूनमध्ये निघालं. शातोवाले घाबरले होते. पोंते-काने नावाच्या शातोने आदल्या वर्षापेक्षा जवळपास तिसऱ्या हिश्शाने भाव उतरवला. माल खरोखर उचलला गेला."

"मग तेच म्हणतोय मी. विकणारा घाबरलेला असेल तेव्हा घे. घेणाऱ्याला घाबरवत असतील तेव्हा नको. 'शेवटची पेटी' म्हणतोय ना तो? कोण घाबरलंय बघा."

"आणि पैसे घेऊन पळाला तर?" माईंचा प्रश्न. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या थोरल्याची द्राक्षं भरून नेलेला परराज्यातला एक व्यापारी अजून 'उद्या टाकतो' म्हणतोय.

तेही झालंय, मी सांगितलं. कॅलिफोर्नियात बर्कलेला प्रीमिअर क्रू नावाचं दुकान होतं. न आलेली वाइन स्वस्तात विकायचं. नव्या गिऱ्हाइकाच्या पैशांतून जुन्या गिऱ्हाइकाची वाइन आणायचं. 2016 मध्ये दिवाळं निघालं, मालकाने गुन्हा कबूल केला आणि साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. लोकांचे पैसे गेले. ज्या पेट्या त्यांनी विकत घेतल्या होत्या, त्यातल्या कितीतरी दुकानाने कधी घेतल्याच नव्हत्या.

"म्हणजे पिंपसुद्धा नव्हतं," माई म्हणाल्या. "नुसतं बिल." माझ्या विजेच्या बिलाकडे बघून त्या असं का म्हणाल्या, मला कळलं नाही.

"इकडे आणून ठेव म्हणावं सगळी," आबा म्हणाले, "आपल्याकडे जागा आहे."

"आयातीवर जकातच 150 टक्के आहे, आबा."

"मग राहू दे खाणीत."

रात्री मी भाच्याला सगळं लिहून पाठवलं. लिंकिंग म्हणजे काय ते समजावायला दोन परिच्छेद लागले. तो दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला एवढंच विचारणार होता, की त्याच शातोचं 2017 चं पीक, बाटलीतलं, आहे का तुमच्याकडे, आणि काय भाव?

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर आबा माझ्याआधी हजर. पेपर नाही, चहाही घरातच ठेवलेला.

"आलं का उत्तर?"

"आलं. त्याने पाठवल्यावर चार मिनिटांत आलं. भाव नव्या पिकापेक्षा थोडा कमीच. आणि खाली लिहिलंय, किती पेट्या हव्यात?"

आबांनी फोन हातात घेतला, चष्मा वर सारून स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"किती म्हणतोय? हव्या तेवढ्या?"

"हव्या तेवढ्या."

"पोराला म्हणावं, पेटी नको. सुट्या दोन बाटल्या देतो का विचार."

मी तिथेच उभ्या उभ्या निरोप टाकला. लंडनमध्ये तेव्हा पहाट होती, भाचा झोपला असणार. तोवर माईंनी भिंतीवरून अळूवड्यांचा डबा दिला आणि मी कढीपत्त्याच्या चार डहाळ्या दिल्या. कोपऱ्यावरच्या बंगल्यात एसी कुठल्या खोलीत बसला तेही कळलं. दुपारी अडीच वाजता फोन वाजला. देतो म्हणाला.